बोजा कमी करणेबाबत

माझी पत्नी मंगळवारी सकाळी नऊ वाजता वारली. त्या वेळी मी टेबलाशी बसून तलाठी कार्यालयासाठी अर्ज लिहीत होतो. अर्जाचा विषय होता: बोजा कमी करणेबाबत.

अर्जाच्या तीन ओळी राहिल्या होत्या. स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. पातेलं तिच्या हातून अधूनमधून पडायचं, म्हणून मी हातातली ओळ पुरी केली आणि मग उठलो. त्या ओळीला किती वेळ लागला असेल, हे मी नंतर पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. अर्धा मिनिट, फार तर.

पांढरकवड्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. इतरांनी लिहिलेलं जपून ठेवायची सवय आहे, स्वतः लिहायची नाही. हे लिहायलाही दीड वर्ष गेलं.

तिचे वडील टपाल खात्यात होते. बदल्या व्हायच्या, आणि बदली नसली तरी घरमालक घर खाली करायला लावायचे. लग्नाआधी ती नऊ भाड्याच्या घरांत राहिली. ती घरं तिला गावांच्या नावानं आठवत नसत, स्वयंपाकघराच्या भिंतीच्या रंगानं आठवत. "थे हिरव्या भिंतीचं घर होतं ना, तठी आईनं पहिल्यांदा कुकर आणला," असं ती सांगे. लग्नानंतर आम्हीही दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकिणीला विचारावं लागे. ती विचारत नसे, खिळाही ठोकत नसे. आमच्या लग्नाचा फोटो चौदा वर्षं ट्रंकेत होता.

मग महामार्गाच्या पलीकडे, केळापूरच्या बाजूला, एका ले-आउटमध्ये आम्ही लहानसं बांधलेलं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चार पावलांचा ओटा. थोडे पैसे साठवलेले होते, बाकी सगळं बँकेचं कर्ज, वीस वर्षांचं. सह्या करायला आम्ही दोघं गेलो. घर दोघांच्या नावानं होतं. सह्या झाल्यावर तिनं अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, आता हे घर आमचं झालं ना?"

"तुमचंच आहे मॅडम. फक्त कर्ज फिटेपर्यंत सातबाऱ्यावर बँकेचा बोजा राहीन."

"कुठी राहीन?"

त्यानं एक जुना उतारा पुढं सरकवून बोट ठेवलं. रकान्याच्या डोक्यावर छापलं होतं, इतर अधिकार. तिनं ते दोनदा वाचलं. परत येताना महामार्ग ओलांडायला आम्ही थांबलो होतो, हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग संपत नव्हती, तेव्हा एकदम म्हणाली, "आपल्या घरावर इतर लोकाईचे कायले अधिकार?"

"कागदावर असतात तसे. सगळ्यांच्याच घरावर असतात."

"सगळ्याईचं मले नका सांगू. थो रकाना मले कोरा पायजे."

घरी आल्यावर तिनं हिशेब मांडला. शेवटचा हप्ता माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पडत होता. निवृत्तीनंतर हप्ता भरायचा हे तिला पटलं नाही. कर्ज त्याआधी फेडायचं, हे त्या संध्याकाळी ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं, आणि मी मान डोलावली. घरातले बहुतेक निर्णय असेच होत.

त्याच सुमारास आमच्या ग्रंथालयात संगणक आला. पूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाड खाकी कागदाचं छोटं पाकीट चिकटवलेलं असे. त्यात पुस्तकाचं कार्ड राही आणि समोर तारखांची चिठ्ठी. संगणक आल्यावर न वापरलेल्या पाकिटांचे आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे रद्दीत निघाले. मी प्राचार्यांची परवानगी घेतली, रद्दीच्या नोंदीत सही केली आणि एक गठ्ठा घरी आणला.

"रद्दीचीही पोच देऊन आले?" ती हसली. पण पाकिटं हातात घेऊन पाहिली आणि हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर कपाटाच्या दाराला आतून आठ पाकिटं खळीनं चिकटवलेली होती. प्रत्येकावर तिच्या गोल अक्षरात नाव. किराणा. दूध. गॅस. वीज. मुलगी. दवाखाना. पाहुणे. आणि सगळ्यांत खाली, बोजा.

पगार झाला की ती दार उघडून उभी राही आणि पाकिटं भरी. सातांत ठरलेले पैसे जात. महिनाअखेर कशात काही उरलं की ते बोजात. एका पाकिटातून दुसऱ्याला उसने घ्यावे लागले तर ती ग्रंथालयाच्या नियमानं चिठ्ठी टाकत असे. हा नियम मी गमतीत सांगितला होता, तिनं तो खराच मानला. "दुधातून गॅसला, पन्नास. परत:" आणि पुढं तारीख. पैसे परत गेले की चिठ्ठीवर काट. फक्त 'मुलगी' या पाकिटातून कधी कोणाला उधार मिळत नसे.

आमची एकच मुलगी. तेव्हा ती सातवीत होती आणि तिच्या जिभेला धार होती. "आपल्या घरी भूक लागली तरी पयले चिठ्ठी टाका लागते," ती म्हणायची. एकदा तिनं चिवड्याच्या डब्यात चिठ्ठी टाकली: "डब्यातून पोटाले, दोन मुठी. परत: नाही." आईनं ती चिठ्ठी फाडली नाही. डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवली. ती अजून तिथं आहे.

त्या वर्षांबद्दल लिहिताना ओढाताणीच्या गोष्टी लिहाव्या असं वाटत नाही, पण त्या होत्या. दूध एक लिटरचं पाऊण लिटर झालं. सकाळी पाणी जास्त घातलेला चहा मिळे आणि तिला वाटे मला कळत नाही. तूर हंगामात आख्खी घेऊन ती गिरणीतून वर्षाची डाळ भरडून आणी, चुनी शेजारणीच्या गाईला जाई. उन्हाळ्यात एकच कूलर, तो मुलीच्या खोलीत, दार उघडं टाकून. घरी शिलाई मशीन होतंच, त्यावर पिको-फॉलचं काम सुरू झालं. दुपारी घराघरांतून साड्या यायच्या, लग्नसराईत तर पलंगावर बसायला जागा नसे. इतरांच्या साड्यांच्या काठांना ती वर्षानुवर्षं फॉल लावत राहिली. स्वतःसाठी वर्षाला एक साडी घेई, तीही दिवाळीनंतर, भाव उतरल्यावर.

मी पुस्तकं विकत घेणं थांबवलं. दरवर्षी नागपूरला पुस्तकांच्या प्रदर्शनाला जायचो, ते बंद केलं. मला त्याचं फार वाटलं नाही, कामावर पुस्तकंच असतात. तिला वाटलं. एका वर्षी प्रदर्शनाच्या दिवसांत तिनं मला शंभराच्या पाच नोटा दिल्या. "पाहुण्याईतून घेतल्या. कोणी आलंच नाई यंदा."

"बोजात टाक ना."

"तुमी एकदम चेंगट हाय. मी बोजासाठी चेंगट हाय, तुमी तं जन्माचे."

मी गेलो आणि एकच पुस्तक घेऊन आलो. उरलेले पैसे परत केले. तिनं ते निमूट बोजात टाकले, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. ते मला आज कळतं. तिला मी ते पैसे खर्च केलेले हवे होते.

वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मार्चात, बोजाचं पाकीट घेऊन आम्ही बँकेत जायचो. पाकिटात मावेना तेव्हा त्याला रबर असे. जास्तीची रक्कम मुद्दलात भरायची म्हटलं की अधिकारी विचारी, हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी केला तर दरमहा थोडी सवड मिळते. मुदत कमी केली तर महिना तसाच ओढाताणीचा राहतो, पण कर्ज लवकर संपतं. पहिल्या वेळी माझ्या मनात हप्ता होता. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मुदत कमी करा."

अधिकारी बदलत गेले, प्रश्न तोच राहिला. तिसरे साहेब तर विचारायचेही नाहीत. "मॅडम, मुदत ना?"

"मुदतच."

असं तिनं किती वेळा सांगितलं असेल. मुदत कमी करा. मुदतच. त्या वेळी मला त्या शब्दात काही ऐकू आलं नाही. भाषेच्या बाबतीत मी स्वतःला बारीक कानाचा समजत होतो.

वेतनातल्या फरकाची रक्कम एकदम मिळाली, मुलीला हैदराबादला नोकरी लागली आणि तिनं आग्रहानं काही पाठवलं. बाराव्या वर्षी कर्ज संपलं. वीसची बारा झाली. त्या दिवशी बँकेनं कर्ज नसल्याचं पत्र दिलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत मूळ कागद. तिनं काउंटरवरच उभं राहून पानं मोजली. मागं रांग लागली होती. "मॅडम, बरोबर आहेत," काउंटरपलीकडची बाई म्हणाली. "हाव, असतीनच," ती म्हणाली आणि शेवटच्या पानापर्यंत मोजली.

संध्याकाळी दूधवाल्याकडून तिनं लिटरभर दूध घेतलं. "कोण आलं मॅडम घरी?" त्यानं विचारलं. "कोणी नाई. कोणी गेलं," ती म्हणाली. शेवयांची खीर केली. बोजाचं पाकीट रिकामं झालं होतं, तरी तिनं ते काढलं नाही. "रकाना कोरा दिसू द्या, मंग काढतो." रकाना कोरा झाला की केळापूरला देवीची ओटी भरायची असं तिनं बोललेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आम्हाला दोघांनाही वाटत होतं की बँकेनं पत्र दिलं की उताऱ्यावरचा बोजा आपोआप निघतो. आठवडाभरानं ती सेतू केंद्रातून उतारा काढून आली. ओट्यावर चप्पल न काढताच उभी राहिली.

"हे पाहा. बोजा तसाच हाय. फसवलं का बापा आपल्याले?"

मी तिला समजावलं की तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, बँकेचं पत्र जोडावं लागतं, मग फेरफार होतो. ती खाली बसली. "मंग द्या ना. तुमचंच तं काम हाय थे."

खरंच माझंच काम होतं. आमच्याकडे पैसे तिच्याकडे असत आणि कागद माझ्याकडे. मी त्याच रात्री अर्ज लिहिला. चांगला लिहिला. बारा वर्षांत फेडलेल्या कर्जाबद्दल एक वाक्य, बँकेच्या पत्राचा उल्लेख, आणि शेवटी, आमच्या घरावरील बँकेच्या बोजाची नोंद काढून टाकावी ही नम्र विनंती. तिला वाचून दाखवला. "छान हाय," ती म्हणाली. "पण तुमी अर्ज लिहून राह्यले का निबंध?"

तलाठी म्हणजे आमच्याच महाविद्यालयाची जुनी विद्यार्थिनी. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दोन-दोन महिने ठेवून घ्यायची आणि दंड माफ करून मागायची. तिनं मला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि संकोचानं हसली.

"सर, भाषा मस्त आहे. पण विषय असा नाही चालत. 'बोजा कमी करणेबाबत' असं लिहून आणा. अन् मधलं हे सगळं नको. आपला नमुना आहे, तसाच द्या. वरचे साहेब परत पाठवतात."

"'करणेबाबत' हे मराठी आहे का?"

"महसूलचं मराठी आहे, सर."

"बोजा कमी कसा होईल? थोडा राहतो का? बोजा निघतो. काढून टाकतात."

"आमच्याकडे काढत नाहीत सर. कमी करतात."

तिच्या टेबलावर नमुना होता, पेन होतं. मी तिथंच बसून पाच मिनिटांत लिहून दिला असता. मी म्हणालो, उद्या आणतो.

उद्या मी नेला नाही. परवाही नाही. सांगण्यासारखं कारण नाही. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की 'करणेबाबत' लिहू नका, आणि ते मला माझ्या हातानं लिहावंसं वाटेना. अर्ज पिशवीत घेऊन मी रोज कामावर जात होतो. ती रोज संध्याकाळी विचारत होती.

"दिला का?"

"आज गर्दी होती."

"काल म्हणे थ्या नव्हत्या, आज गर्दी. काहून बापा टाळून राह्यले?"

शेवटी सोमवारी मी खरं सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पोट धरून हसली. "एका शब्दासाठी? बारा वर्सं मी दुधात पाणी घातलं, अन् तुमाले एक शब्द जड झाला?" हसता हसता तिला धाप लागली, म्हणून ती खाटेवर टेकली. धाप तिला वर्षभरापासून लागत होती. गावातल्या डॉक्टरांनी यवतमाळला जाऊन छातीची तपासणी करायला सांगितली होती. "जाऊ सवडीनं," ती म्हणाली होती, आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिनं टेबलावर कोरा कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. "आज लिहूनच द्या. मी तवरक चहा ठेवतो."

मी लिहिलं: विषय, बोजा कमी करणेबाबत.

मी उठून गेलो तेव्हा ती गॅसच्या ओट्याशी खाली पडलेली होती आणि दूध फरशीवरून मोरीकडे चाललं होतं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या. मी त्यांना सांगितलं की नाही, घरीच, नऊ वाजता. मला ती वेळ बरोबर लिहिली जायला हवी होती.

लोक येत राहिले. लोक चांगलंच बोलत होते. एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, कर्ज तरी फिटलं होतं. मोकळी होऊन गेली." त्यांना दुखवायचं नव्हतं. त्यांच्याकडे पाहून मी मान डोलावली.

तेराव्यानंतर मुलीनं कपाटाचं दार उघडलं. दवाखान्याच्या पाकिटात पैसे नव्हते. तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर तिच्या अक्षरात, "दवाखान्यातून बोजाला. परत:" आणि पुढची जागा रिकामी. शेवटची चिठ्ठी शेवटच्या हप्त्याच्या महिन्यातली होती.

मी ग्रंथपाल आहे. परत न आलेल्या वस्तूची नोंद पाहायची मला सवय आहे. मी त्या तीन चिठ्ठ्या कितीतरी वेळ पाहत बसलो. तपासणीचे पैसे तिनं तिकडे वळवले, की तपासणीची तिला गरजच वाटली नाही, की बोजा संपल्यावर सवडीनं जाऊ असं तिनं ठरवलं होतं, यातलं काय खरं हे मला कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, तपासणी केली असती तरी सांगता येत नाही. ते दयाळू गृहस्थ आहेत.

"मी विचारायला पाहिजे होतं," मी मुलीला म्हणालो.

"बाबा, हे पैसे वळवायले तिनं तुमाले विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं. म्हून तं तिनं विचारलं नाई."

"मी दवाखान्याबद्दल म्हणतो."

"मीही थेच म्हणते," ती म्हणाली. तिनं चिठ्ठ्या पुन्हा पाकिटात घातल्या. काट मारली नाही.

चार महिने मी तलाठी कार्यालयात गेलो नाही. उताऱ्यावर तोवर सगळं जसंच्या तसं होतं. दोघांची नावं, आणि इतर अधिकारात बँक. त्या कागदावर ती जिवंत होती आणि कर्जात होती. मला तो कागद तसाच राहू द्यावासा वाटत होता. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईले थो रकाना कोरा पायजे होता. तुमाले नसंन जमत तं मी येते." मग मी गेलो.

तलाठी उभी राहिली. बसा म्हणाली. बराच वेळ कागद उगाच सरळ करत राहिली. "सर, एक सांगू का? तेव्हा मी तुमचा अर्ज तसाच घ्यायला पाहिजे होता. मीच नमुना भरून घेतला असता."

"तुमचं काही चुकलं नाही."

"तेव्हा दिला असता तरी नोटिशीची मुदत असते, सर. पंधरा दिवस तर लागलेच असते. मॅडमना उतारा पाहायला नसता मिळाला."

हे मी आधीच मोजलं होतं. अर्ज परत मिळाल्यापासून त्या मंगळवारपर्यंत आठ दिवस. पंधरा झालेच नसते. पण अर्ज दिला की त्याची पोच मिळते, शिक्का आणि तारीख असलेली. ती पोच मी तिच्या हातात दिली असती. तिनं ती बोजाच्या पाकिटात ठेवली असती. आठ दिवस तिच्याजवळ ती राहिली असती. हे मी तलाठीला सांगितलं नाही.

"आता दोन्ही सोबतच होऊन जाईन," ती म्हणाली. "बँकेचा बोजा कमी, अन् मॅडमचं..." ती थांबली.

"नाव कमी," मी म्हणालो.

"आमच्याकडे तसंच लिहितात, सर."

मी तिथंच बसलो, नमुना मागून घेतला आणि लिहिलं. विषय एक: बोजा कमी करणेबाबत. विषय दोन: मयत खातेदाराचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल करणेबाबत. एकही शब्द बदलला नाही. तलाठीनं पोच दिली. मी ती घरी आणून बोजाच्या पाकिटात ठेवली.

महिन्याभरानं नोंद मंजूर झाली. मुलगी हैदराबादहून आली होती. आम्ही सेतूत जाऊन उतारा काढला. रकाना कोरा असेल अशी माझी समजूत होती. तो कोरा नव्हता. कमी केलेली नोंद उताऱ्यावरून पुसत नाहीत. तिला कंस करतात आणि तिच्यावरून आडवी रेघ ओढतात. बँकेचं नाव, रक्कम, बोजा, सगळं कंसात होतं आणि त्यावर रेघ होती. वर मालकांच्या रकान्यात तिचं नाव तसंच कंसात होतं. त्यावर तशीच रेघ होती. त्याखाली माझं नाव आणि मुलीचं.

आमच्या ग्रंथालयातही हाच नियम आहे. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी नोंदवहीतली त्याची ओळ खोडायची नसते. पट्टी धरून एकच रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. नव्या मदतनिसांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

"बाबा, कोरा नाई झाला," मुलगी म्हणाली.

"नाही झाला."

"आईनं भांडण केलं असतं सेतूवाल्याशी."

"हाव," मी म्हणालो.

तिथून आम्ही केळापूरला गेलो. मुलीनं देवीची ओटी भरली. पायऱ्या उतरताना तिनं माझा हात धरला होता. दुसऱ्या दिवशी ती हैदराबादच्या बसनं परत गेली.

कपाटाच्या दारावर आठही पाकिटं आहेत. बोजाच्या पाकिटात अर्जाची पोच आणि उतारा आहे. दवाखान्याच्या पाकिटात तीन चिठ्ठ्या आहेत. किराणा, दूध, गॅस आणि वीज मी भरतो. हॉलच्या भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे, त्याचा खिळा तिनं या घरात आल्यावर पहिल्याच दिवशी ठोकला होता. घरावर कोणाचं काही देणं नाही. मी दूध अर्धा लिटर घेतो. त्यातलं थोडं रोज उरतं.